करमाडपर्यंतची ट्रायल

ज्या टाकीत मी रोज सकाळी इमानेइतबारे पाणी ओतत होतो, ती टाकी काच धुण्याच्या पाण्याची निघाली.

माझा हिशेब सरळ होता. गाडीखाली ओल दिसते, म्हणजे रेडिएटरचं पाणी कमी होतंय. कमी होतंय तर भरलं पाहिजे. बॉनेट उघडल्यावर सगळ्यात आधी जी टाकी दिसली, तिच्यात मी तांब्याभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर टाकी काठोकाठ. तरीही वर थोडं ओतलं, ते ओसंडून वाहिलं, आणि मी घरात येऊन बायकोला अभिमानानं सांगितलं, "थेंबभरसुद्धा कमी झालं नाही बघ. गळती आपोआप थांबली." इकडे इंजिनाचा घसा कोरडा पडत चाललेला आणि काच धुवायची टाकी मात्र सणासुदीला जेवून उठल्यासारखी तुडुंब.

ही चूक शेषराव काळे यांनी माझ्या पदरात घातली. पदरात घातली म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडून घातली, आणि तीही माझ्याच गाडीच्या खालून.

आमच्या पडेगावच्या कॉलनीत तुम्ही सकाळी फिरायला निघालात आणि एखाद्या उभ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर घाबरू नका. ते शेषरावांचे असतात. पायांत टायरच्या चपला, पायजमा पोटऱ्यांपर्यंत वर चढवलेला आणि हातात बॅटरी. एका नव्या भाडेकरूनं राहायला आल्याच्या दुसऱ्याच सकाळी हे पाय पाहिले आणि गाडीखाली माणूस सापडला म्हणून बोंब ठोकली. दहाबारा माणसं धावली. शेषराव खालूनच खेकसले, "मेलो नाय अजून! तुमचं ऑइल गळायलंय, ते बघा आधी!"

गाडी कोणाची, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. कोणी त्यांना बोलावलेलंही नसतं. एकदा मी म्हणालो, "शेषराव, दुसऱ्याच्या गाडीखाली असं विचारल्याशिवाय शिरणं बरं दिसत नाही." ते म्हणाले, "आन दुसऱ्याच्या गाडीनं माझ्या डोळ्यादेखत गळणं बरं दिसतं व्हय?"

तर त्या सकाळी मी तांब्या घेऊन बाहेर आलो, बॉनेट उघडलं आणि पाणी ओतायला लागलो. ओसंडलेलं पाणी खाली गेलं. खालून आवाज आला, "कोण हाय बे?"

मी तांब्यासकट दोन पावलं मागे.

शेषराव सरपटत बाहेर आले. कपाळावर पाण्याचे ओघळ, भुवईला काळं वंगण. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे, मग टाकीकडे.

"ओ मुळे, हे काय करायलात?"

"रेडिएटरला पाणी घालतोय."

"ह्याला रेडिएटर म्हणतेत?" त्यांचा आवाज चढला. "अहो ही काच धुवायची टाकी हाय! भुकेलं लेकरू राहिलं तिकडं रडत, आन तुमी पाळण्याला दूध पाजायलात! हे काय माणसाचं काम हाय का?"

समोरच्या घराची खिडकी उघडली. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई कपडे तसेच धरून थांबल्या. शेषरावांनी सगळ्यांना उद्देशून हाच दृष्टांत पुन्हा एकदा, थोडा वाढवून सांगितला. संध्याकाळी मी दूध आणायला गेलो तेव्हा दूधवाल्यानंही मला पाळण्याबद्दल विचारलं.

"हे काय माणसाचं काम हाय का?" हे त्यांचं पालुपद. शहराच्या पाण्याबद्दल बोलताना ते हेच म्हणतात, पावसानं ओढ दिली तरी हेच म्हणतात. आमच्याकडे चहा घेताना एकदा कपात चहाची पत्ती आली, तेव्हाही हेच म्हणाले.

"वैनी, तुमच्या गाळणीला भोक पडलंय."

बायको म्हणाली, "भाऊ, गाळणीला भोकं असतातच."

"असतेत. पर हे जादा हाय."

आणि खरंच होतं. त्यांनी गाळणी उजेडाकडे धरून दाखवलं. गळतीच्या बाबतीत हा माणूस सहसा चुकत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

शेषरावांची सगळी नोकरी कालव्यांच्या खात्यात गेली. कालवा कुठे पाझरतो हे बघत सायकलवरून फिरायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कालवा सुटला, बघणं सुटलं नाही. त्यातून आमचं शहर असं, की नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. त्या दिवशी कॉलनीत कोणी पाहुण्यांना बोलावत नाही, कोणी बाहेरगावी जात नाही. अशा शहरात कोणाची टाकी वाहताना दिसली, की शेषराव त्या घराची बेल दाबून धरतात आणि मालक खाली येईपर्यंत सोडत नाहीत.

पण गाड्यांच्या पोटाखाली शिरायचं वेड मात्र नोकरीतलं नाही. ते नंतरचं आहे. ते का लागलं, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे, कारण ते स्वतःच सगळ्यांना सांगत असतात. फक्त ते तक्रार म्हणून सांगतात.

ते मूळचे पिशोरचे. लग्न केलं नाही. सख्खं माणूस म्हणजे धाकटी बहीण, सुमन. ती दिली करमाडला. तिला दोन मुली. थोरलीच्या लग्नाला शेषराव मामा म्हणून निघाले, स्वतःच्या जुन्या पांढऱ्या व्हॅनमधून. आता आपल्याकडे नवरीच्या मागे मामा उभा राहिल्याशिवाय मंगलाष्टकांना शोभा नाही. त्या व्हॅनचा रेडिएटर आधीपासून गळत होता, हे त्यांना ठाऊक होतं. "बघू लग्नानंतर," म्हणून ते तसेच निघाले. शेंद्र्याच्या पुढे गाडी उकळली. मागून पाहुण्यांची जीप आली. "मामा, बसा पटकन," म्हणाले. शेषराव म्हणाले, "गाडी रस्त्यात टाकून येऊ? हे काय माणसाचं काम हाय का?" आणि ते इंजिन निवायची वाट बघत रस्त्याच्या कडेला बसून राहिले.

ते पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नवरीच्या मागे दाजींचा कोणी चुलतभाऊ मामा म्हणून उभा राहिला होता.

"भाड्याचा मामा!" ही गोष्ट सांगताना शेषराव इथं आले की मांडीवर हात मारतात. "सख्खा मामा जित्ता असताना! दोन कोसावर असताना! जरा दम धरला असता तर काय मुहूर्त मेला असता?" त्या दिवशी ते कार्यालयाच्या दारातूनच परत फिरले. बहीण पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावत आली, तर तिला म्हणाले, "तुझ्या घरचं पाणी मला बंद." व्हॅन त्यांनी त्याच आठवड्यात भंगारात घातली, "बेइमान जनावर" म्हणून. आणि तेव्हापासून हे लोकांच्या गाड्यांखाली.

माझ्या मनात कायम एक उलटा प्रश्न यायचा, की यात बहिणीचा काय दोष? पण तो विचारायची माझी छाती नव्हती. बायकोनं एकदा विचारला. शेषराव कप खाली ठेवून निघून गेले आणि बरेच दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत. गाडीखाली मात्र येत राहिले.

आणि या उन्हाळ्यात धाकट्या भाचीच्या लग्नाची पत्रिका आली.

सुमनताई आणि दाजी स्वतः येऊन गेले. शेषराव त्यांच्याशी काय बोलले कोणास ठाऊक, पण ते गेल्यावर पत्रिका घेऊन हा माणूस घरोघर फिरला. "बघा, मामा म्हणून वर पयलं नाव माझं छापलंय. आता छापलं! आता आठवण झाली!" आणि प्रत्येक घरात जाहीर केलं, "मी जानार नाय. त्या ऐतवारी मी घरीच हाय. कोनी बी विचारलं तर सांगा, शेषराव घरीच हाय." कोणी विचारतच नव्हतं. तरी दर दोन दिवसांनी ते आठवण करून देत होते, की त्या रविवारी आपण घरीच आहोत. एवढ्या ठामपणे घरी राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच सुमाराला माझा रेडिएटर गळायला लागला होता. आता हा योगायोग की काय, मला माहीत नाही.

पाळण्याच्या प्रकरणानंतर शेषराव मला आणि गाडीला रफिकभाईंच्या गॅरेजवर घेऊन गेले. रफिकभाईंनी वाकून पाहिलं, बोट लावलं, आणि हात पुसत म्हणाले, "कोअर गया साब, अंदर की जाली. बदलना पडेगा. पार्ट मंगाना पडता, आठ-दस दिन लगेंगे."

मी लगेच हो म्हणालो. मला गाडीतलं कोणी काही सांगितलं की मी लगेच हो म्हणतो. त्याला मी व्यवहारज्ञान समजतो.

"बदलायचं?" शेषराव भडकले. "कामून बदलायचं? मानसाचा गुडघा धरला तर मानूस बदलता व्हय? सुईच्या टोकाएवढं भोक हाय ते. हळद टाकली की बंद व्हतंय. पिशोरला तमाम टॅक्टरवाले हळद टाकतेत."

"काका, वो ट्रॅक्टर था. ये गाडी है," रफिकभाई म्हणाले. "और गाडी में हळद नै डालते. सालन है क्या?"

"तुमच्या धंद्याची बात करू नगा. ऐतवारच्या आत झालं पायजे का नाय?"

"ऐतवार को क्या है?" रफिकभाईंनी साधेपणानं विचारलं.

"काय नाय," शेषराव म्हणाले. "ऐतवारी मी घरीच हाय."

शनिवारी संध्याकाळी, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, हळद टाकण्याचा समारंभ झाला. हळद आमच्या घरातली. बायकोनं विचारलं, "किती देऊ?" शेषराव म्हणाले, "वरनाला टाकता त्याच्यापेक्षा जरा जास्त." त्यांनी झाकण उघडून चमच्यानं हळद सोडली, पाणी भरलं, मला इंजिन चालू करायला लावलं. मग स्वतः खाली शिरले. खालून नुसता बॅटरीचा उजेड हलत राहिला. मग आवाज आला, "थांबलं!" आणि त्या आवाजात असा आनंद होता, की मलाही क्षणभर माझ्या गाडीचा अभिमान वाटला.

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, लग्नघरात नवरीच्या आधी आमच्या गाडीलाच हळद लागली की!"

शेषराव हसले नाहीत. कपडे झटकत म्हणाले, "उद्या सकाळी ट्रायल घ्यावी लागंल. हळद बसली का नाय ते लांब पल्ल्याला कळतं."

"पण उद्या तर तुम्ही घरी आहात," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी किल्ली खिशात घालून घरात गेलो.

रविवारी सकाळी मी झोपेच्या कपड्यांवर पँट चढवून खाली आलो. ट्रायलला कोण नटून जातं? शेषराव गाडीजवळ उभे. पांढराशुभ्र नेहरू शर्ट, त्याला कडक इस्त्री, नवा पायजमा. टायरच्या चपला गेल्या होत्या, त्यांच्या जागी कोल्हापुरी आल्या होत्या. हातात कापडी पिशवी.

"पिशवीत काय आहे?"

"पाना-पकड हाय. वाटंत लागंल."

पिशवीतून पकडीचं गुलाबी टोक लोंबत होतं. त्याला जरीचा काठही होता. बायकोनं पाण्याचा कॅन गाडीत ठेवला आणि म्हणाली, "निघा लवकर. ट्रायल उशिरा घेऊन उपयोग नसतो."

मला सांगा, मे महिन्यातला रविवार, सुट्टीचा दिवस. अशा दिवशी माणसानं पंख्याखाली पडून राहायचं की नाही? पण मी निघालो, कारण माझ्याच गाडीची ट्रायल होती म्हणे.

"कुठपर्यंत जायचं?"

"छावणीपर्यंत. लगेच माघारी."

छावणी आली. शेषराव डॅशबोर्डवरच्या काट्याला नाक लावून बसलेले. "बराबर हाय काटा. पर इंजिन अजून तापलंच नाय. तापल्याशिवाय काय कळतं? क्रांती चौकापर्यंत घ्या."

क्रांती चौक आला. "आता पुलावर घ्या. चढावर खरी परीक्षा असती." पूल चढलो. पूल उतरलो. "उतारावर काय बी चालतंय हो. सपाटीला बघू. चिकलठाण्यापर्यंत जाऊ." चिकलठाणा मागे पडलं. मी नुसता वेग कमी केला, तर म्हणाले, "आता थांबलात तर केलेली सगळी ट्रायल वाया जाईल."

आणि हे सगळं हीटर लावून. होय, हीटर. एसी लावला की इंजिनावर भार येतो, आणि हीटर लावला की इंजिनाची उष्णता आत खेचली जाते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून आम्ही तापायचं. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं, आत माझ्या पायांवर गरम वारा, आणि खिडकीतून येणारी झळ त्यामानानं गारेगार वाटत होती. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. शेषरावांच्या इस्त्रीच्या शर्टाची पाठ सीटला चिकटली होती, पण त्यांचं लक्ष काट्यावर आणि त्यापुढे घड्याळावर. काटा आणि घड्याळ, घड्याळ आणि काटा.

"घड्याळात काय बघताय?" मी मुद्दाम विचारलं.

"ट्रायलला किती टाइम लागला ते बघाया नगं?"

शेंद्र्याच्या थोडं पुढे गाडीत वरणाचा वास यायला लागला. मला आधी वाटलं कुठल्या तरी ढाब्याचा आहे. मग काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफेचा लोट उठला.

मी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. हळदीनं इंजिनाचा अर्धा भाग पिवळा केला होता. खाली रस्त्यावर पिवळी धार लागलेली. भोक सुईच्या टोकाएवढं असलं तर ती सुई गोणपाट शिवायची असणार.

"मी म्हणालो होतो बदलू या!" माझा संताप आता आवरत नव्हता. "रफिकभाई सांगत होते! पण नाही! तुमचे ते पिशोरचे ट्रॅक्टरवाले! सुट्टीच्या दिवशी मला हीटर लावून भाजलंत, आता बसा इथं उन्हात! हळदसुद्धा आमच्या घरची!"

मी वाट बघत होतो, ते उलट दुप्पट ओरडतील. रेडिएटरला शिव्या देतील, मला पाळण्यावरून ऐकवतील. पण ते नुसते वाफेपासून दोन हात लांब उभे होते. वाकताना कधीतरी शर्टाच्या पुढच्या बाजूवर पिवळे शिंतोडे उडाले होते, तिकडंही त्यांचं लक्ष नव्हतं. ते करमाडच्या दिशेनं रस्त्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "झाकनाला हात लावू नगा. निवू द्या."

निवायला किती वेळ लागतो, हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत होतं?

पाठीमागून पाण्याचे जार भरलेला एक छोटा टेम्पो आला आणि आमची वाफ बघून थांबला. चालक डोकं बाहेर काढून म्हणाला, "करमाडला लग्नाला का? मी तिकडंच चाललो पानी घेऊन. पंगतीला पानी न्हाई, कार्यालयवाल्यानं फोन करून करून जीव खाल्ला. पुढं एक मानूस बसंल. मुहूर्ताला अर्धा-पाऊन तास उरलाय."

मी शेषरावांकडे पाहिलं. ते गाडीकडे बघत होते. उघडं बॉनेट, पिवळी धार, वाफ. मला माहीत होतं आता काय होणार. हा माणूस रस्त्यात गाडी सोडत नाही. इथंच कडेला बसणार, इंजिन निवायची वाट बघणार, आणि तिकडे पुन्हा कोणीतरी चुलतभाऊ फेटा बांधणार. मी म्हणालो, "शेषराव, जा तुम्ही. मी आहे गाडीपाशी."

"तुमाला एकट्याला जमंल का? तुमी काचंच्या टाकीत ओतताल."

"ओतेन. माझी गाडी आहे. जा."

त्यांनी पुन्हा एकदा वाफेकडे पाहिलं. मग पिशवी उचलली.

"मुळे," ते म्हणाले, "गाडी उद्या बी गळंल."

आणि टेम्पोत चढून बसले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. टेम्पो निघाल्यावर मात्र खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले, "कोमट झाल्यावरच झाकन उघडा! फडकं धरून उघडा! हळूच उघडा!" टेम्पो वळणाआड जाईपर्यंत सूचना चालू होत्या.

मी राहिलो. माझी गाडी, माझं पेट्रोल, माझा रविवार, आणि मी एका बोडक्या बाभळीखाली, तिच्या चिमूटभर सावलीत एक पाय आणि उन्हात एक पाय ठेवून. येणारा-जाणारा प्रत्येक मोटारसायकलवाला थांबून सांगत होता, "साहेब, गाडी गरम झाली." जसं काही मला वाटत होतं की मी भात शिजवायला ठेवलाय. सगळा राग मी मनात घोळवून घोळवून तयार केला. करमाडला पोचल्यावर ह्या माणसाला चारचौघांत काय काय सुनवायचं, त्याची वाक्यं जुळवली. त्यांत पाळण्याचंही एक वाक्य होतं, आणि चांगलं जमलं होतं.

इंजिन कोमट झालं. फडकं धरून, हळूच, झाकण उघडलं. कॅन ओतला, यावेळी बरोबर ठिकाणी. आणि रांगत रांगत, हीटर लावून, करमाडच्या अलीकडच्या त्या कार्यालयापर्यंत गाडी नेली.

लाउडस्पीकरवर शेवटच्या मंगलाष्टका चालू होत्या. मी घामानं निथळत, तसाच झोपेच्या सदऱ्यात मागच्या खुर्च्यांपाशी जाऊन उभा राहिलो. कोणीतरी माझ्या हातावर अक्षता ठेवल्या.

नवरीच्या मागे शेषराव उभे होते.

गुलाबी फेटा एका बाजूला कलला होता. टेम्पोत स्वतःच बांधला असणार. शर्टावर पिवळे डाग. त्या मांडवात कोणाला ते वेगळे दिसले नसतील. सकाळपासून सगळ्या बायकांच्या हातांना, साड्यांना हळद लागलेली. बॉनेट दाणकन आपटून लावणारा तो माणूस नवरीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून उभा होता, इतका अलगद, की खांद्यांना ते हात कळत तरी होते की नाही कोणास ठाऊक. वर छताच्या पंख्याकडे बघत होता, हनुवटी उचलून, जसं काही तिथून काही गळतंय का हे तपासतोय. पण डोळे सारखे मिटत होते.

मी जुळवलेली वाक्यं तिथल्या तिथं विसरलो. याचा मला राग आला. एवढी चांगली वाक्यं होती.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. मुलीची आई आपल्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी समोर नसते. सुमनताई आतल्या खोलीतून आता बाहेर आल्या. भावाला पाहून क्षणभर थबकल्या. मला वाटलं, आता रडारड होणार. पण त्या सरळ पंगतीच्या बाजूला गेल्या, जारमधून तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर धरला.

"किती घाम आलाय दादा. उन्हात हिंडायचं वय राहिलं का तुझं?"

शेषरावांनी तांब्याकडे पाहिलं. त्यांनी तांब्या घेतला, वर धरला आणि गटागटा संपवला. मग रिकामा तांब्या परत तिच्या हातात दिला.

"अजून दे," ते म्हणाले. "लई तान लागली."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. सगळ्या पाहुण्यांच्या वरून त्यांचा आवाज आला, "मुळे! गाडी उन्हात लावली का? सावलीत लावा! आन जेवल्याशिवाय हलायचं नाय!" मग शेजारच्या पाहुण्याला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागले. तो पाहुणा माझ्याकडे बघून हसला. पाळण्याचा दृष्टांत करमाडलाही पोचला, हे मला पाहुण्याच्या हसण्यावरूनच कळलं.

जेवण झाल्यावर मी विचारलं, निघायचं का? दाजी म्हणाले, शेषराव आज इथंच राहतील. शेषरावांनी विरोध केला, "उद्या नळाला पानी येनार हाय. घरी कोन हाय भराया?" सुमनताई म्हणाल्या, "येऊ दे." एवढंच. शेषराव गप्प बसले. कालव्याच्या खात्यापासून आमच्या कॉलनीपर्यंत या माणसाला दोन शब्दांत गप्प केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी एकटाच परतलो, दर काही अंतरावर थांबत, लोकांच्या दारात पाणी मागत. घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चपला काढायच्या आधीच मी सुरुवात केली. रेडिएटर, हीटर, बाभळ, टेम्पो, आपल्या घरची हळद. मला भर रस्त्यात टाकून हा माणूस कसा निघून गेला, आणि वर लग्नात माझीच कशी थट्टा केली. "आणि आता ऐक," मी म्हणालो, "शेवटी काय झालं ते ऐक—"

"पाणी प्यायले ना ते तिच्या हातचं?" बायकोनं विचारलं. "आणि आज तिथंच राहिले."

मी चिडलोच. सांगण्यासारखं एवढंच तर शिल्लक होतं. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. ती माझ्यासाठी ताट करत होती, वर न बघता बोलत होती. "भांडण झालं त्या वर्षी सुमनताईंनी माझा नंबर मागून घेतला होता. तेव्हापासून रोज याच वेळेला त्यांचा फोन येतो. दादा जेवला का, एवढंच विचारतात आणि ठेवतात. आज आला नाही."